चकचकीत ताट, कळकट फडकं

घासून मांडणीत लावलेलं एक स्टीलचं ताट घ्या, नळाखाली क्षणभर भिजवा आणि उभं धरा. पाणी कसं उतरतं ते बघा. ताटभर पातळ पडदा धरून ते सलग खाली सरकलं, तर ताट स्वच्छ आहे. मध्येच फाटलं, थेंब थेंब होऊन बसलं, तर तिथे अजून ओशटपणा आहे. मग भले त्या ताटात तुम्हाला तुमचं तोंड दिसत असो. कारखान्यात पत्र्याला मुलामा देण्याआधी हीच परीक्षा घेतात. आमच्याकडे मी ती पहिल्यांदा घेतली तेव्हा सहापैकी चार ताटं नापास झाली. आणि घासली होती मीच. रात्रीची भांडी गेली काही वर्षं माझ्या वाट्याला आहेत.

दुसरी परीक्षा नाकाची. पेल्यात कडकडीत पाणी ओता आणि वाफेचा वास घ्या. काल ताक प्यायलेला, अंडं फेटलेला किंवा ओल्या फडक्याने पुसलेला पेला लगेच चुगली करतो.

या दोन परीक्षांत पास झालेलं भांडं घरच्या जेवणाला पुरेसं स्वच्छ आहे. ते निर्जंतुक नसतं आणि असायची गरजही नाही, कारण आपण त्यात जेवणार आहोत, शस्त्रक्रिया करणार नाही. भांड्याकडून तीनच गोष्टी हव्यात: खरकटं नको, ओशट नको, ओलं नको. चमक हा त्यानंतरचा हौसेचा भाग.

ओलं का नको? जंतूंना खायला आणि प्यायला लागतं. भरपूर अन्न, ओल आणि ऊब मिळाली तर काही जिवाणू दर २० मिनिटांनी दुप्पट होतात. रात्री दहाला एक असेल तर सकाळी सहापर्यंत २४ वेळा दुप्पट, म्हणजे कागदावर दीड कोटीच्या वर. प्रत्यक्षात एवढी मजल सहसा जात नाही. मध्येच खाणं संपतं. पण सिंकमध्ये आमटीच्या पाण्यात रात्रभर बुडालेलं पातेलं म्हणजे त्यांना मांडून दिलेली पंगतच. त्याउलट कोरड्या ठणठणीत ताटावर बहुतेकांचं काही चालत नाही.

खरकटं आधी, साबण नंतर

ताट सिंकमध्ये ठेवण्याआधी त्यातलं खरकटं बोटांनी किंवा रबरी उलथन्याने डब्यात निपटून काढा. कढईतलं तेल वर्तमानपत्राच्या बोळ्याने पुसून घ्या. या एका मिनिटाने अर्धा साबण वाचतो, घासणी ओशट होत नाही आणि पाइप तुंबत नाही. सिंकखालचा पाइप तुंबवण्यात भाताच्या शितांपेक्षा थंड होऊन गोठलेल्या तुपा-तेलाचा हात मोठा असतो.

रात्री खरकटी भांडी तशीच ठेवली तर लक्ष्मी रुसते, असं आमची आजी म्हणायची. लक्ष्मीचं ठाऊक नाही, झुरळं मात्र नक्की प्रसन्न होतात. तरीही दमून आल्यावर भांडी सकाळवर टाकली म्हणजे पाप केलं, असं मला वाटत नाही. टाकायचीच असतील तर निपटून, एक हात पाण्याचा फिरवून, पाणी ओतून देऊन ठेवा. बुडालेली ठेवू नका. करपलेलं पातेलं भिजवावंच लागतं. त्यात चमचाभर खायचा सोडा आणि पाणी घालून दहा मिनिटं उकळा, मग भिजत ठेवा. नखं मोडत नाहीत.

थंड पाणी की गरम?

दुधाचं पातेलं आणि अंड्याचं भांडं आधी थंड पाण्याने. गरम पाण्याने त्यातली प्रथिनं शिजून भांड्याला घट्ट धरतात आणि मग वशाट वास दोन दिवस जात नाही. थंड पाण्याने धुऊन झाल्यावर साबण, आणि हवं तर मग गरम पाणी.

तुपाच्या, वनस्पती तुपाच्या, मटणाच्या भांड्याला मात्र सुरुवातीपासून गरम पाणी हवं. गार पाण्यात ती चरबी गोठते आणि घासणीने आपण ती फक्त इकडची तिकडे फासतो. पण गरम पाण्याने जंतू मरतात हा समज सोडून द्या. हाताला सोसेल इतक्या पाण्यात जंतू मरत नाहीत. ते मारायला लागणाऱ्या पाण्यात तुम्ही हात घालू शकणार नाही.

साबणाचंही तसंच. तो जंतूंचा वध करतो म्हणून भांडं स्वच्छ होत नाही. साबणाच्या कणाचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. तेलाच्या थेंबाला असे हजारो कण चहूबाजूंनी चिकटले की तो भांड्यावरून सुटतो, त्याच्याबरोबर जंतू सुटतात आणि पाणी दोघांना वाहून नेतं. आजीची राख हेच काम ओबडधोबड पद्धतीने करायची. लाकडाची राख अल्कधर्मी असते, तेलावर तिची क्रिया होते आणि शिवाय ती खरखरीत. अंगणातल्या मातीची गोष्ट वेगळी. त्या मातीत कोंबड्या, कुत्री, लहान मुलं सगळ्यांचा वावर असतो, म्हणून राख चालेल, माती नको.

‘जंतुनाशक’ असं ठळक छापलेल्या साबणाला जास्त पैसे मोजण्यात मला अर्थ दिसत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ साली हात धुण्याच्या साबणांतली ट्रायक्लोसानसह १९ जंतुनाशक रसायनं बाद केली, कारण साध्या साबण-पाण्यापेक्षा ती सरस आहेत हे उत्पादकांना दाखवता आलं नाही. तो निर्णय हात धुण्याच्या साबणापुरता होता, पण भांड्यांच्या साबणाचं काम तर त्याहून उघड यांत्रिक आहे: सोडवा आणि वाहवा.

घासायचा क्रम

पेले-कप, मग चमचे, वाट्या, ताटं, मग पातेली, सगळ्यात शेवटी कढई आणि तवा. कमी ओशटकडून जास्त ओशटकडे. घरोघरी नेमकं उलटं होतं, कारण मोठी भांडी सिंक अडवून बसलेली असतात. आधी कढई घासली की घासणी तेलकट होते आणि तिनेच आपण पाण्याचे पेले घासतो. माझी चार ताटं नापास झाली ती यामुळेच.

साबणाची वडी वाटीत ठेवून त्यात पाणी साचू देऊ नका. आठवडाभरात त्या वाटीचं डबकं होतं: वर फेस, खाली शितं आणि मिरचीच्या बिया. तळाला भोकं असलेली डबी घ्या किंवा थोडासा साबण वेगळ्या वाटीत पाण्यात कालवून घ्या आणि रोज उरलेला फेकून द्या.

घासताना ताटाची मागची बाजू आणि काठ विसरू नका. मांडणीत ताटं एकावर एक बसतात, तेव्हा एकाचं बूड दुसऱ्याच्या पोटात जातं. पेल्याचं ओठाला लागणारं तोंड, चमच्याच्या दांड्यावरची नक्षी, डावाचा जोड आणि पातेल्याच्या दुमडलेल्या काठाची खालची खाच या जागांवर बोट फिरवून बघा. बोटाला सगळं कळतं.

विसळणं: लातूरचा धडा

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं. पहिल्या फेरीला १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर पाणी. त्या उन्हाळ्यात माझी आत्या लातूरला होती आणि भांडी किती पाण्यात स्वच्छ होतात हे मी तिच्या मोरीत शिकलो.

तिने तीन घमेली मांडली होती. भांडी आधी कोरडीच निपटायची, ओशट असतील ती रद्दी कागदाने पुसायची. मग वाटीतल्या साबणाने सगळी एकदम घासून एका बाजूला रचायची. या वेळात नळ किंवा तांब्या काहीही हलवायचं नाही. मग पहिल्या घमेल्यात बुडवून हाताने चोळून साबण काढायचा, दुसऱ्यात विसळायचं, तिसऱ्यात फक्त बुडवून वर काढायचं. पहिल्या घमेल्यातलं पाणी गढूळ झालं की ते संडासाच्या बादलीत. दुसरं पहिलं व्हायचं, तिसरं दुसरं व्हायचं आणि ताजं पाणी फक्त तिसऱ्यात पडायचं. चौघांच्या दोन वेळच्या भांड्यांना एक बादली, पंधरा लिटरच्या आसपास. माझ्या सिंकमधला नळ किती सोडतो, हे पुण्याला आल्यावर मी बादली आणि घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला सात लिटर. म्हणजे दोन मिनिटं वाहता नळ म्हणजे आत्याची अख्खी बादली. तुमचा तुम्ही मोजा.

या पद्धतीत खरी गोम शेवटच्या पाण्यात आहे. शेवटचं पाणी प्यायच्या लायकीचं हवं, कारण भांड्यावर उरतं ते तेच. आधीच्या पाण्याबद्दल एवढा आग्रह नको. टँकरचं किंवा बोअरचं पाणी संशयास्पद असेल तर भांडी घासायला ते खुशाल वापरा, शेवटची बुडी मात्र उकळलेल्या किंवा क्लोरीन टाकलेल्या पाण्यात द्या.

साबण राहिला तर? भांडं हाताला बुळबुळीत लागतं आणि ताकाला साबणाची चव येते. एवढ्याशा अंशाने विषबाधा होत नाही, पण तो साबण राहिलाय याचा अर्थ त्याने सोडवलेला ओशटपणाही तिथेच आहे. जड पाण्याच्या भागात भांडी वाळल्यावर पांढरे डाग दिसतात. ते क्षार आहेत, साबण नव्हे. लिंबाची फोड किंवा व्हिनेगरचं बोट फिरवलं की जातात आणि राहिले तरी बिघडत नाही.

निथळणं

सगळ्यात दुर्लक्षित आणि मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाची पायरी ही. धुतलेली भांडी टोपलीत पालथी घालायची, पण एकमेकांना चिकटून नाही. वाट्या एकात एक बसवल्या की मधली ओल दुसऱ्या दिवसापर्यंत तशीच राहते. पेले सपाट ओट्यावर पालथे घातले तर आत वाफ कोंडते. खाली जाळी हवी. टोपलीखालच्या ताटात साचणारं पाणी रोज ओतायचं आणि ते ताटही घासायचं, नाहीतर आठवड्यात तिथे गुलाबी-काळा चिकट थर धरतो.

पुसण्यापेक्षा वाळू देणं बरं. घाईच असेल तर पुसायचं फडकं वेगळं आणि त्या दिवशीचं धुतलेलं हवं. हातपुसणं, ओटा पुसायचं फडकं आणि ताट पुसायचा पंचा ही एकच वस्तू असलेली कितीतरी स्वयंपाकघरं मी पाहिली आहेत. त्यातलं एक माझंही होतं. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत भांडी वाळतच नाहीत, तेव्हा शेवटची बुडी गरम पाण्यात द्या. तापलेलं स्टील आपलं आपणच पाच मिनिटांत कोरडं होतं.

घासणी आणि फडकं

घरातली सगळ्यात घाणेरडी वस्तू संडासात नसते, ती सिंकच्या काठावर असते. जर्मनीत २०१७ साली संशोधकांनी घरांत वापरलेले १४ स्पंज तपासले, तेव्हा काही ठिकाणी घन सेंटिमीटरमागे ५ हजार कोटींपर्यंत जिवाणू सापडले. जी घरं स्पंज नियमित तापवून किंवा धुऊन घेत होती, त्यांच्याही स्पंजात जिवाणू कमी नव्हते. जे जगले-वाचले तेच पुन्हा फोफावले असावेत. घाबरून जाऊ नका, त्यातले बहुतेक धडधाकट माणसाला काही करत नाहीत. त्यात मोठ्या संख्येने आढळलेला एक जिवाणू तर पावसाळ्यात न वाळलेल्या कपड्यांना कुबट वास आणतो तोच. म्हणजे तुमच्या फडक्याला तो वास येतोय तेव्हा नाक खरंच बोलतंय.

आपल्याकडची नायलॉनची जाळी, तारेची घासणी किंवा नारळाचा काथ्या स्पंजपेक्षा लवकर वाळतो. नॉर्वेतल्या अभ्यासातही भांडी घासायच्या ब्रशने स्पंजाला मागे टाकलं. ब्रश वाळत असल्याने त्यावर सालमोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू टिकला नाही. तर घासणी घट्ट पिळा, खरकटं झटका, साबणाच्या वाटीत न ठेवता खुंटीला टांगा. स्पंज वापरत असाल तर आठवड्याने बदला. तारेचे तुकडे सुटायला लागले की तारेची घासणी त्याच दिवशी टाकून द्या. पोह्यात तार सापडणं हे कुठल्याही जंतूपेक्षा वाईट.

ओट्याची फडकी निदान चार ठेवा, जुन्या सुती साडीची किंवा धोतराची. रोज एक. रात्री वापरलेलं फडकं साबणाने धुऊन, उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून, सकाळी उन्हात. ऊन हे यातलं सगळ्यात स्वस्त औषध आहे आणि आपल्याकडे ते आठ महिने फुकट मिळतं.

जिथे हात पोचत नाही

मिक्सरचं भांडं: पात्याखाली चटणी अडकते. अर्धं भांडं पाणी आणि साबणाचा थेंब घालून अर्धं मिनिट फिरवा, मग जुन्या टूथब्रशने पात्याखाली घासा. झाकणाची रिंग काढून बघा. आम्ही काढली तेव्हा तिच्या खोबणीत ओल्या खोबऱ्याची हिरवी बुरशी होती.

कुकर: रिंग रोज काढायची, धुऊन सुटी वाळवायची. शिट्टी काढून वाफेची नळी उजेडाकडे धरा, आरपार उजेड दिसला पाहिजे. डाळीचं टरफल अडकलं असेल तर प्रश्न स्वच्छतेचा राहत नाही, कुकर उडण्याचा होतो.

शाळेची पाण्याची बाटली ही खरी अपराधी. ‘फक्त पाणीच तर असतं’ म्हणून ती आठवडाभर नुसती खळबळून भरली जाते. तिच्या आत बोट घाला. बुळबुळीत लागतं ना? तो जंतूंनी स्वतःभोवती विणलेला चिकट थर आहे आणि तो खळबळून जात नाही, खरवडावा लागतो. लांब ब्रश नसेल तर मूठभर तांदूळ किंवा जाडं मीठ, कोमट पाणी, साबणाचा थेंब घालून जोरात हलवा. झाकणाची रबरी रिंग पिनेने उचकटून धुवा. रात्री बाटली आणि झाकण वेगवेगळं, उघडं, पालथं.

विळी, पोळपाट आणि कोंबडी

पोटं बिघडतात ती ताटाच्या डागाने क्वचितच. बिघडतात ती विळीने. सकाळी विळीवर सुरमई कापली, पाण्याने विळी धुतली, आणि तिच्यावरच काकडीची कोशिंबीर चिरली. मासा शिजणार आहे. कोशिंबीर कच्ची जाणार आहे. विळीचं पातं जिथे लाकडात बसतं ती फट नीट बघितलीत तर मी काय म्हणतोय ते कळेल. एक तर कच्चं खायचं ते आधी चिरून झाकून ठेवा, मासे-मटण शेवटी. किंवा मध्ये विळी साबणाने घासून तिच्यावर उकळतं पाणी ओता. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये सुरक्षित अन्नाची पाच सूत्रं काढली, त्यातलं दुसरं हेच आहे: कच्चं आणि शिजलेलं वेगळं ठेवा.

कोंबडी नळाखाली धुऊ नये असं तज्ज्ञ सांगतात आणि ते बरोबर आहे. शिंतोडे ओट्यावर, निथळणाऱ्या भांड्यांवर, तुमच्या बाहीवर उडतात आणि त्यातून सालमोनेला, कँपिलोबॅक्टर पसरतात. कोंबडीवरचे जंतू धुण्याने जात नाहीत, शिजवण्याने मरतात. पण आपल्याकडे न धुता कोंबडी कुणाच्या हाताला लागत नाही, हेही मला ठाऊक आहे. धुवायचीच असेल तर आधी सिंकमधली आणि टोपलीतली भांडी हलवा, कोंबडी पातेल्यातल्या पाण्यात हलक्या हाताने चोळा, पाणी सांभाळून ओता आणि मग पातेलं, सिंक, नळाची मूठ आणि हात साबणाने धुवा. नळाची मूठ सगळेच विसरतात.

पोळपाट-लाटणं भिजत घालू नका. ओल्या फडक्याने पुसून, लागल्यास साबणाचा हात लावून, चटकन धुऊन उभं करून वाळवा. लाकूड अस्वच्छ आणि प्लॅस्टिक स्वच्छ हा समज टिकण्यासारखा नाही. अमेरिकेत डीन क्लिव्हर या संशोधकाने १९९० च्या दशकात चिरायच्या फळ्यांवर प्रयोग केले. लाकडात जिरलेले जिवाणू वाळून मरत गेले, उलट सुरीचे चरे पडलेल्या प्लॅस्टिकच्या फळीतून ते काढणं अवघड गेलं. पोळपाटाला भेग गेली असेल आणि भेगेत जुनी कणीक काळी पडली असेल तर मात्र निरोप द्या.

डाग म्हणजे घाण नव्हे

कपातला तपकिरी थर चहातल्या टॅनिनचा. सोड्याने जातो, नाही गेला तरी अपाय नाही. प्लॅस्टिकच्या डब्यावरचा हळदीचा पिवळा डाग घासून थकू नका, डबा दोन दिवस उन्हात ठेवा, रंग आपोआप विटतो. बिडाच्या तव्यावरचा काळा गुळगुळीत थर म्हणजे मुरलेलं तेल. तो तारेने काढणाऱ्याला घावन तव्याला चिकटण्याची शिक्षा मिळतेच. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं जड पाण्याने आतून काळं पडतं. त्यात लिंबाच्या साली उकळल्या की उजळतं.

तांब्या-पितळेचं प्रकरण मात्र निराळं आहे. तिथे चकचकीत दिसणारं भांडंही घातक असू शकतं. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक, कढी, चिंचेची आमटी ठेवली की ती कळकते: तांबं आंबटात उतरतं, चव तुरट-धातूसारखी होते आणि खाणाऱ्याला मळमळ, उलट्या होतात. चिंच, लिंबू किंवा बाजारातल्या पावडरीने भांडं बाहेरून सोन्यासारखं करा, हरकत नाही; पण आत कथलाचा रुपेरी थर शाबूत आहे का, ते बघा. तांबूस-पिवळा धातू उघडा पडला असेल तर कल्हईवाला शोधा, नाहीतर ते भांडं पाण्याला किंवा शोभेला ठेवा. तांब्याच्या बाटलीत लिंबूपाणी भरणाऱ्यांनाही हेच सांगणं.

घरात आजारी माणूस असेल तर

टायफॉइड, कावीळ, जुलाब-उलट्या यांचे जंतू तोंडावाटे जातात. अशा दिवसांत रोग्याची भांडी वेगळी घासून उकळत्या पाण्यात मिनिटभर पूर्ण बुडवा आणि हवेवर वाळवा. उकळणं जमत नसेल तर बिनवासाचं घरगुती ब्लीच (सोडियम हायपोक्लोराइट, सुमारे ५ टक्के) ४ लिटर पाण्यात १५ मिली घालून त्यात धुतलेली भांडी २ मिनिटं बुडवा आणि मग स्वच्छ पाण्याने विसळा. हे स्टील, काच, चिनी मातीसाठी. तांबं, पितळ, अ‍ॅल्युमिनियमला नको. ब्लीचमध्ये संडास धुण्याचं आम्ल, व्हिनेगर किंवा लिंबू कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. आणि या आजारांत भांड्यांपेक्षा हात जास्त पसरवतात. सेवा करणाऱ्याने संडासाहून आल्यावर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुतले नाहीत, तर उकळलेल्या ताटाचा उपयोग नाही.

आता ज्या आजारांत भांडी वेगळी करायची गरज नसते ते. क्षयरोग हवेतून पसरतो, ताट-पेल्यातून नाही. एचआयव्ही भांड्यातून पसरत नाही. कुष्ठरोग भांड्यातून पसरत नाही. तरीही या माणसांची ताटली-वाटी कोपऱ्यात वेगळी ठेवलेली मी पाहिली आहे आणि दर जेवणाला त्यांचा चेहरा कसा होतो तेही पाहिलं आहे. क्षयाच्या रोग्याला खिडकी उघडी हवी, तोंडावर रुमाल हवा आणि गोळ्या वेळेवर हव्यात. वेगळी ताटली नको.

याच ओघात, कामाला येणाऱ्या मावशींचा कप. घरातली सगळी भांडी ज्यांच्या हातून स्वच्छ होतात, त्यांचा चहाचा कप मात्र खिडकीत वेगळा, आणि कारण विचारलं तर ‘स्वच्छता’. साबण लागला, पाणी लागलं, वाळला, की कप कुणाच्या ओठाला लागला होता याला आरोग्यशास्त्रात काही अर्थ उरत नाही. त्या कपामागे जे आहे ते साबणाने निघणारं नाही. मावशींना द्यायचंच असेल काही, तर रबरी हातमोजे द्या आणि थंडीत कोमट पाणी.

बाळाच्या भांड्यांना मात्र जास्त जपा, विशेषतः पहिले दोन महिने, किंवा बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर. वरचं दूध देताना वाटी-चमचा किंवा बोंडलं वापरा आणि धुऊन ५ मिनिटं उकळून घ्या. बाटलीचं बूच आणि तिचे कोपरे स्वच्छ ठेवणं फार कठीण. दुधाच्या बाटल्यांची जाहिरात करायला आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, ती उगीच नाही.

भाताचं पातेलं

शेवटी एक गोष्ट भांडं कितीही लख्ख असलं तरी न टळणारी. भातात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूची बीजं असतात. शिजवताना ती मरत नाहीत. भात रात्रभर कुकरमध्ये कोमट राहिला की ती रुजतात आणि विष तयार करतात. सकाळी फोडणी दिली की जिवाणू मरतील, विष राहील. म्हणून उरलेला भात दोन तासांच्या आत, उन्हाळ्यात त्याहून लवकर, पसरट भांड्यात मोकळा करून फ्रिजमध्ये टाका. फ्रिज ५ अंशांच्या खाली हवा. गच्च भरलेल्या आणि मिनिटाला उघडल्या जाणाऱ्या फ्रिजमध्ये तेवढी थंडी राहत नाही.

आणि माठ. घासलेला पेला बोटांसकट माठात बुडवून पाणी काढलं, तर वरच्या साऱ्या पायऱ्या पुसल्या गेल्या. लांब दांड्याचं ओगराळं माठावर उलटं टांगा, पाण्याला त्याचंच तोंड लागू द्या. आत्याकडे अजून तेच आहे, दांडा एका जागी वाकलेला, आणि पाहुणा पेला घेऊन माठाकडे वळला की ती आतून ओरडते, ‘अरे, हात नको!’